बाबा येईपर्यंत गाडी तयार व्हायलाच हवी का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या, मूळच्या सांगलीच्या, आता इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतात. त्यांच्या वडिलांचं सांगलीत पस्तीस वर्षं गॅरेज होतं. टॅक्सीवाले आणि सरकारी खात्यांच्या अँबेसिडर हीच मुख्य गिऱ्हाइकं. शाळेतून आल्यावर पाने पुसून खोक्यात लावून ठेवायचं काम या बाईंकडे असायचं. २०२० साली त्यांनी ६,५०० पाउंडांना १९७३ची हिरवी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, कापडी टपाची, दोन सीटची. दोन वर्षं मजेत चालवली. मग दाराखालच्या पत्र्यावर रंगाचे फुगे आले. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं तर तो आरपार गेला. 'जरा उघडून बघू' म्हणून उघडायला घेतलेली गाडी आज तीन वर्षं घोड्यांवर, म्हणजे टेकू द्यायच्या लोखंडी स्टँडवर, उभी आहे आणि सामान तेवीस खोक्यांत भरलेलं आहे. एका जाणकार वर्कशॉपने पत्रा, पूर्ण रंग, नवा टप, नवं कार्पेट मिळून ११,००० पाउंड सांगितले आहेत. यजमान म्हणतात, आहे तशी विकून टाक. बाईंचे एक सहकारी घरी येऊन स्वस्तात वेल्डिंग करून द्यायला तयार आहेत. मे महिन्यात वडील तीन महिन्यांसाठी येताहेत. त्यांना गाडीबद्दल काहीच ठाऊक नाही. 'ते येईपर्यंत गाडी चकाचक तयार हवी. अर्धवट गाडी त्यांना दाखवायची लाज वाटते. आणि त्यांचं आयुष्य गेलं देशी गाड्यांत, यातलं त्यांना काय कळणार? खर्चावरूनच बोलतील.' कर्ज काढून काम देऊ, रात्री जागून स्वतः संपवू, की विकू, असं त्या विचारतात.

प्रिय सांगलीकर,

तुमचं पत्र वाचताना आधी हसू आलं. खोकी मोजून तेवीस असं लिहिणारा माणूस गाडीवर रागावलेला नसतो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'तयार' हा शब्द डोळ्यांत खुपायला लागला. गाडी तयार करायची, तयार झाली की बाहेर काढायची, बाबांना तयार दाखवायची. पन्नाशी ओलांडलेली गाडी अशी तयार होत नसते हो. ती चालू असते नाहीतर बंद असते, आणि चालू असली तरी दोन-तीन कामं तिच्या पोटात कायम असतातच. कुठे तेल झिरपतं, कुठे एखादा दिवा मनात आलं तर लागतो. एमजीबीवाल्या कुणालाही विचारा. गाडी कशी आहे म्हटलं तर 'मस्त' म्हणेल आणि लगेच काय काय करायचं राहिलंय त्याची यादी वाचायला घेईल.

तुम्ही बसला होतात दुरुस्तीला, आणि नकळत रिस्टोरेशनमध्ये शिरलात. फुगे आले होते पत्र्यावर. मग डॅशबोर्ड का उतरवला? टप का काढला? उत्तर मला माहीत आहे, कारण मीही हेच केलंय. खोलणं ही फार गोड गोष्ट आहे. एका शनिवारी निम्मी गाडी जमिनीवर येते आणि फार काम झाल्यासारखं वाटतं. जोडायला मात्र त्याच्या दसपट वेळ लागतो, आणि तेव्हा मदतीला कुणी नसतं. पुण्यात असताना मी एक पद्मिनी अशीच खोलली होती. घाई म्हणून आधी रंग उरकला, ब्रेकचं काम मागे ठेवलं. रंग झाल्यावर पंधरा दिवसांत मास्टर सिलिंडर गळला आणि ब्रेक ऑइलने बॉनेटखालचा नवाकोरा रंग कांद्याच्या सालीसारखा सोलून काढला. तेव्हापासून रंग सगळ्यात शेवटी.

आता त्या ११,००० पाउंडांकडे वळू. तो एक आकडा नाही, चार कामांची मोळी आहे. वर्कशॉपकडून तो फोडून घ्या: पत्र्याचं काम किती, रंग किती, टप किती, आतली सजावट किती. यातलं पत्र्याचं काम तेवढं खरोखर टाळता येणार नाही. बाकी सगळं थांबू शकतं. हिरव्या गाडीच्या दाराखाली वर्षभर राखाडी प्रायमर दिसला तर कॉव्हेंट्रीत कुणी तुम्हाला हसणार नाही. त्या शहराने एमजीच्या प्रतिस्पर्धी ट्रायम्फ गाड्या बांधल्यात. एमजी आणल्याबद्दल बोलले तर बोलतील.

पत्रा एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो, कारण स्वस्त वेल्डिंगचा प्रश्न तिथेच अडकलाय. एमजीबी १९६२ साली आली. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला नाही. तिची बॉडी हीच चासी. टपाच्या गाडीला वर छप्पर नाही, म्हणून पुढचा आणि मागचा भाग सांधून धरायचं बरंचसं काम दाराखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या करतात. त्यांनाच सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एक पत्रा, पण आत आणखी एक उभा पडदा आहे, त्याच्या आत आतला सिल, आणि खालून किल्ल्याच्या तटासारखा दातेरी पत्रा, ज्याला एमजी क्लबातले लोक कॅसल सेक्शन म्हणतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागे साठतो, ओला राहतो आणि गंज तिथून, म्हणजे आतून बाहेर येतो. तुम्हाला फुगा दिसला तेव्हा आतलं नाटक बहुधा तिसऱ्या अंकात होतं.

म्हणून सहकाऱ्यांना एवढंच विचारा, 'सिल कापण्याआधी तुम्ही काय कराल?' उत्तरात दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून चौकट घट्ट धरायची. दोन, गाडीचं वजन नीट जागच्या जागी, शक्यतो तिच्या सस्पेन्शनवर ठेवायचं. मधोमध घोड्यांवर उचललेल्या गाडीचा सिल कापला तर बॉडी वाकते, आणि त्याच स्थितीत नवा पत्रा जोडला की ती वाकडीच राहते. मग दार कधीच नीट लागत नाही. तुमची गाडी तीन वर्षं घोड्यांवर आहे ना? घोड्या नेमक्या कुठे लावल्यात ते आज रात्रीच बघा, आणि दाराच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का तेही. सहकारी 'त्यात काय, कापायचं आणि जोडायचं' म्हणाले तर त्यांना चहा पाजा आणि कार्पेटच्या कामाला लावा. वर्कशॉपलाही एक प्रश्न विचाराच: पुढचं मडगार्ड काढून आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापून पूर्ण लांबीचा सिल बदलणार, की गंजावरच नवा पत्रा चढवणार? दुसऱ्या प्रकारचं काम छान दिसतं, स्वस्त पडतं आणि चार-पाच वर्षांत पुन्हा फुगतं. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने हेच केलं असावं असा मला दाट संशय आहे.

पत्र्याचं काम सोडून बाकी जवळजवळ सगळं तुम्ही स्वतः करू शकता. पाने पुसणाऱ्या मुलीला ते अवघड नाही. फक्त क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की माणूस थकतो.

पत्रा झाला की ब्रेक. तीन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी ब्रेक होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगलेले असतात. पाय काढला तरी दाब सुटत नाही, चाक धरून ठेवतं. होज, चाकांचे सिलिंडर, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर आणि सगळं ब्रेक ऑइल बदला. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं, गाडी चालो वा न चालो. याच टप्प्यावर टायरवरचे चार आकडे वाचा. २३१२ असं असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी खोल असली तरी दहा वर्षांपलीकडच्या रबराच्या भरवशावर मी तरी मोटरवेवर जाणार नाही.

मग पेट्रोल. तीन वर्षांचं जुनं पेट्रोल काढून टाका, टाकीच्या तळात काय साठलंय ते बघा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी धरतं. तुम्ही महागातलं सुपर पेट्रोल भरा, त्यात इथेनॉल कमी असतं. आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, आर९ छापाच्या घ्या. साठ-सत्तर पाउंडांचं काम आहे, पण इंजिनच्या धगीत पेट्रोल गळायची भीती जाते. किल्ली फिरवल्यावर गाडीच्या मागच्या भागातून टिकटिक ऐकू आली पाहिजे. तो एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. टिकटिक नसेल तर पान्याच्या दांड्याने त्याला हलकी टिचकी मारायची, बहुतेक वेळा जागा होतो. हा उपाय कुणी गमतीने सांगत नाही, आतले पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, चिकटतात म्हणून तो लागू पडतो.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. या गाडीत फ्यूज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट, कायम जिवंत, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून, जांभळी फ्यूजमधून पण कायम, काळी 'अर्थ'ची, म्हणजे बॉडीला जोडलेली. एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे अर्थची टोकं घासून लख्ख करणं. तपकिरीला फ्यूज नाही हे मात्र विसरू नका. वेल्डिंगच्या दिवशी बॅटऱ्या काढून बाहेर ठेवा. तुमच्या सालच्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतील. आधीच्या मालकाने एक बारा व्होल्टची बसवली असली तर त्याचे आभार माना.

इंजिन शेवटी. किल्ली मारायची घाई नको. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं, तर प्लग न लावता स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशरचा काटा हलतो का पाहा, आणि मगच प्लग लावा. तेल जाडसर, २०डब्ल्यू५० ग्रेडचं घाला. आधुनिक पातळ तेल महाग असतं म्हणून चांगलं असेल असं समजू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'आता एमओटी लागत नाही म्हणून एक डोकेदुखी कमी.' इथे मी जरा अडून बसतो. एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून ती चाचणी माफ आहे, खरंय. पण गाडी रस्त्यावर आणण्याजोगी असण्याची जबाबदारी माफ झालेली नाही, ती तुमच्यावरच आहे. स्वतःहून मागितली तर एमओटी होते. पत्रा आणि ब्रेकचं काम झालं की एकदा करूनच घ्या. दुसऱ्या कुणीतरी दिवा लावून खाली वाकून बघणं, हे त्या फीमध्ये फार स्वस्तात मिळतं.

आता विकण्याबद्दल. यजमानांचं म्हणणं तुम्ही 'त्यांना कळत नाही' म्हणून बाजूला सारलंय. पण हिशेबात ते चुकलेले नाहीत. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. म्हणून तर हिचा प्रत्येक नटबोल्ट आजही मिळतो. मूळ साच्यांवर अख्ख्या नव्या बॉड्या १९८८पासून बनताहेत, असं भाग्य फार थोड्या जुन्या गाड्यांच्या नशिबात असतं. पण त्याच कारणाने हिला दुर्मीळपणाची किंमत येत नाही. ६,५०० अधिक ११,००० ही बेरीज तुम्हाला परत मिळणार नाही. कुणीतरी आधीच पैसे ओतून नीट केलेली एमजीबी घेणं हे स्वतःची नीट करण्यापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. तेव्हा 'गुंतवणूक आहे' हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. कर्ज तर अजिबात काढू नका. 'मला हे करायला आवडतं आणि त्याला एवढे पैसे लागतात' असं सरळ सांगा आणि दोघं मिळून वर्षाचा आकडा ठरवा. आणि वारही. मला वाटतं यजमानांचा राग पैशांपेक्षा हरवलेल्या शनिवार-रविवारवर आहे. तुमच्या पत्रात आठ वर्षांच्या मुलाचा उल्लेख एकदाच येतो, तोही 'त्याला गॅरेजमध्ये येऊ देत नाही' असा. का नाही? तुम्ही त्याच्याएवढ्याच असताना पाने कोण पुसत होतं?

हे सगळं करूनही सहा महिन्यांत गाडीकडे पाय वळला नाही, तर विका. त्यात हरण्यासारखं काही नाही. फक्त खोकी नीट लेबल लावून, पत्रा उघडा ठेवून, फोटोंसह विका. अर्धवट गाडी घेणाऱ्याला खोटा रंग नको असतो, पूर्ण सामान हवं असतं.

हा मजकूर वाचणारे बरेच जण सांगलीत, नाशकात, पणजीत घरापुढे जुनी फियाट किंवा हेराल्ड घेऊन बसलेले असतील. त्यांच्यासाठी जाता जाता: वरचा क्रम तुम्हालाही तोच. इथेनॉलचा इशारा मात्र दुप्पट जोरात, कारण आपल्याकडे आता पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. त्यामुळे नळ्या, कार्बोरेटरचे डायफ्रॅम आणि पंपाची रबरं आधी बदला, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडू देऊ नका. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ती गाडी मग रोज भाजी आणायला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. तुम्हाला गाडी वापरायची आहे की जपायची, ते आधी ठरवा आणि मग अर्ज करा.

आता बाबा. मुद्दाम शेवटी ठेवलेत.

'यातलं त्यांना काय कळणार' असं तुम्ही लिहिलंत. जरा बॉनेट उघडा आणि इंजिनकडे बघा. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पुशरॉड, १७९८ सीसी. याला बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन म्हणतात. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स कारला होतं. आणि तेच १४८९ सीसीचं इंजिन पुढे कितीतरी वर्षं कुणाच्या बॉनेटखाली होतं? अँबेसिडरच्या. अँबेसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. एकाच घरच्या दोन लेकी. एक नटून फिरायला गेली, दुसरी कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला नांदायला आली आणि २०१४पर्यंत राबली. तुम्ही ज्याला देशी गाड्यांतलं आयुष्य म्हणता, ते तुमच्या स्पोर्ट्स कारच्या सख्ख्या बहिणीच्या इंजिनात गेलंय. कार्बोरेटर एकाऐवजी दोन आहेत, एवढं बाबांना नवीन असेल. दोन्हींचा आवाज एकसारखा करायचा खेळ त्यांच्या कानाला दहा मिनिटांत जमेल. तुम्ही ज्यांना पुसून खोक्यात लावत होता ते इंचाचे पाने आठवतात? तेच इथे लागतात.

आणि मला खरंच सांगा, पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला कॉव्हेंट्रीत तीन महिने काय करायला आवडेल? चकाचक गाडी बघून ते 'छान' म्हणतील, एक फोटो काढतील आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून पाऊस बघत बसतील. तेवीस खोकी आणि घोड्यांवरची एमजीबी दिसली तर पहिले दहा मिनिटं बोलतील. खर्चावरून नाही, खोक्यांना लेबलं लावली नाहीत यावरून. मग चष्मा मागतील. तेव्हा मेपर्यंतचं तुमचं काम एवढंच: फोडलेला आकडा हातात घेऊन पत्र्याचं काम वर्कशॉपकडून उरकून घ्या, लेबलं लावा आणि गॅरेजमध्ये बसायला एक उंच खुर्ची ठेवा. त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे गाडीखाली तुम्ही, वर टॅपेटपाशी, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी लावायला, ते.

टॅपेटवरून आठवलं. वाट बघवत नसेल तर आत्ताच फोन करून सहज विचारा, 'बाबा, तुम्ही टॅपेट लावताना नऊची बेरीज करायचात, ती कशी?' ते सांगतील: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. एमजीबीलाही तेच. मग विचारा, फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ठेवू का? ते लगेच म्हणतील, 'इंजिन गरम की गार?' यावर काय बोलायचं ते फोन करण्याआधी ठरवून ठेवा. तुमच्या सालच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, पण त्यांचा पुढचा प्रश्न 'कुठलं इंजिन?' हाच असणार, आणि त्यानंतर गाडी लपवता येणार नाही.